गाडी रात्री मुक्कामाला कुठं असते?

पत्र थोडं आटोपशीर करून देतो:

"नऊ वर्षं बेंगळुरूत नोकरी केली. वडिलांच्यानं आता होत नाही म्हणून आठ महिन्यांपूर्वी बायको-मुलीसह कोल्हापूरला परत आलो आणि उद्यमनगरातलं आमचं मशीन शॉप बघायला लागलो. घर रमणमळ्यात. २०१९ साली बेंगळुरूत घेतलेली ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक बरोबर आणलीय, नंबर केए ०३. कर्ज फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे. विमा २२ दिवसांनी संपतोय आणि त्यावर पत्ता आहे तिथल्या भाड्याच्या फ्लॅटचा. माझं लायसनही तिथलंच. बाबा म्हणतात, 'बेळगाव-निपाणीच्या शंभर गाड्या रोज महाद्वार रोडला फिरतात, त्यांना कोण विचारतंय? चालतंय की!' एजंट म्हणतो, ठोक रक्कम द्या, नंबर घरपोच करतो. मित्र म्हणतो, सगळ्या राज्यांत चालणारा बीएच नंबर घे. मी कुणाचं ऐकू? आणि उद्या कुठं धडक झाली तर पत्त्यावरून विमा कंपनी हात वर करेल का? — अ. पा., रमणमळा"

अ. पा.,

आधी बाबांचं बघू, कारण त्यांचं निम्मं बरोबर आहे. निपाणीचा व्यापारी सकाळी लक्ष्मीपुरीत येतो, माल भरतो आणि संध्याकाळी कोगनोळी नाका ओलांडून घरी जातो. त्याच्या केए नंबराला कुणी का विचारावं? त्याची गाडी रात्री कर्नाटकातच झोपते. तुमची गाडी आठ महिने रमणमळ्यात झोपते आहे. फरक एवढाच, पण कायदा नेमका त्यावरच बोट ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. गाडीची नोंदणी कुठं करायची, तर मालक जिथं राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी नेहमी जिथं ठेवली जाते तिथं, असं तो सांगतो. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की नवा नंबर घ्यायचा, आणि ते १२ महिने संपल्यापासून ३० दिवसांत त्यासाठीचा फॉर्म २७ द्यायचा. राहता पत्ता बदलल्याचं कळवायला मात्र मुळात ३०च दिवस असतात. ते तुमचे केव्हाच उलटले. त्यावर घाबरून जाण्यासारखं काही नाही, निम्म्या गावाचे उलटलेले असतात. पण १२ महिन्यांची मुदत अजून चार महिने तुमच्या बाजूनं आहे, आणि नीट क्रमानं गेलात तर तेवढ्यात काम बसतं.

क्रम हाच यातला सगळा खेळ आहे, आणि तो चुकवण्याचा अनुभव मला घरचाच आहे. पणजीहून इथं आलो तेव्हा स्कूटरची एनओसी, म्हणजे जुन्या आरटीओचा ना हरकत दाखला, मी मोठ्या तत्परतेनं आणली आणि कपाटात ठेवली. बायकोच्या शालूखाली. पुढं दोन वर्षं शालू निघाला नाही आणि एनओसीही नाही. निघाली तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, "काका, ही आता फ्रेम करून लावा." पुन्हा पणजी, पुन्हा अर्ज. म्हणून एनओसी मागायची ती इथले बाकीचे कागद हाताशी ठेवून, आणि आली की लगेच पुढं सरकवायची. ती निघाल्यावर जुनं आरटीओ त्या गाडीचं दुसरं काम करत नाही आणि नव्याच्या खात्यावर ती अजून आलेली नसते. गाडी मधल्यामध्ये लोंबकळते.

तर पहिलं काम विमा. एनओसी नाही, नंबर नाही, विमा. २२ दिवस आहेत तोवर तो आहे त्याच केए नंबरावर नूतनीकरण करून टाका. "नवा नंबर पडू दे, मग एकदाच करू" हा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाका. विमा संपलेल्या गाडीला एनओसीही मिळत नाही आणि नवा नंबरही. थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडापेक्षाही मोठं नुकसान नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांवर जातो. २०१९ पासून तुम्ही क्लेम घेतला नसेल तर तुम्ही तिथंच पोचलेले आहात. विमा संपून ९० दिवस गेले की हा बोनस शून्यावर येतो. वर कंपनीचा माणूस गाडी बघून गेल्याशिवाय नवी पॉलिसी मिळत नाही, ते वेगळंच.

नूतनीकरण करतानाच पत्ता कोल्हापूरचा घाला आणि गाडी आता इथं असते हे लेखी कळवा. ईमेल पुरतो. नंबर बदलल्यावर त्याच पॉलिसीवर एंडॉर्समेंट करून घ्यायची, म्हणजे दुरुस्तीचा जोडकागद. पॉलिसी तीच, बोनस तोच, इंजिन आणि चेसिस नंबर तेच, फक्त एमएच ०९ चा नवा क्रमांक चढतो. हप्त्यात थोडी घटही होईल. विम्याच्या हिशेबात बेंगळुरू अ झोनमध्ये येतं. तिथं देशातली आठच शहरं आहेत, आपल्याकडची मुंबई आणि पुणे त्यांत. कोल्हापूर ब झोनमध्ये. त्यामुळं गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्याचा दर इथं किंचित कमी. वाचतील काही शे रुपये, घरच्यांना मिसळ खाऊ घालाल इतके. थर्ड पार्टीचा भाग मात्र देशभर सारखाच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत तुमच्या सीसीच्या गाडीला तो ३,४१६ रुपये आहे, वर जीएसटी.

आता तुमचा खरा प्रश्न, हात वर करेल का? पॉलिसी भारतभर चालते. पत्ता जुना आहे एवढ्यावरून तुमच्या गाडीनं ज्याला धडक बसली त्याची भरपाई बुडत नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या क्लेममध्ये मात्र सर्व्हेअर आरसी, लायसन आणि पॉलिसी शेजारी ठेवून बघतो. पत्ता एकीकडं बेंगळुरू, अपघात कसबा बावड्यात, गाडी आठ महिने इथंच, आणि तुम्ही कळवलेलं काहीच नाही, असं दिसलं की प्रश्न सुरू होतात. नकार येईलच असं नाही. पण खुलासे, पत्रं, आठवडे. आणि ती पत्रं जाणार कुठं? बेंगळुरूच्या त्या फ्लॅटवर, जिथं आता दुसरंच कुणीतरी राहतंय. मला वाटतं जुन्या पत्त्याचं सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. ई-चलन असो, नोटीस असो, कंपनीचं पत्र असो, तुम्हाला कळतच नाही.

कुणीतरी तुम्हाला सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा निकाल दाखवून घाबरवेल. त्यात चोरीला गेलेल्या नव्या गाडीचा क्लेम नाकारणं न्यायालयानं योग्य ठरवलं होतं. पण ती गाडी तात्पुरत्या नोंदणीवर होती आणि ती नोंदणी संपलेली होती. तुमच्या गाडीची नोंदणी १५ वर्षांची आहे, २०३४ पर्यंत जिवंत. ते प्रकरण वेगळं, तुमचं वेगळं.

झोनपेक्षा तुमच्या घराचा पत्ता मला जास्त खुपतो. रमणमळा! २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै बाबांना विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरंही सांगतात. पण बेंगळुरूत बसून घेतलेल्या पॉलिसीत पुराचा विचार कुणी केला असणार? सर्वसमावेशक पॉलिसीत पुरानं झालेलं नुकसान धरलेलं असतं, नुसत्या थर्ड पार्टीत नसतं. पैसे वाचवायला यंदा फक्त थर्ड पार्टी घेऊ, असं रमणमळ्यात राहून चुकूनही करू नका.

आणि सर्वसमावेशकमध्येही एक खाच आहे. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करायला किल्ली मारली, सिलिंडरमध्ये पाणी गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते, हे पुरानं नाही, तुम्ही किल्ली मारल्यानं झालं. तुमचं मशीन शॉप आहे, तुम्हाला वेगळं काय सांगू? पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर आला की कुणीतरी वाकणारच. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कलम जादा हप्ता भरून मिळतं. गाडीचं वय वाढलं की कंपन्या ते देईनाशा होतात, म्हणून नूतनीकरणाच्या फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. मिळत असेल तर घ्या. आणि ते असो वा नसो, पाणी दारात आलेल्या गाडीला किल्ली लावायची नाही. फोटो काढायचे, कंपनीला फोन करायचा, टो करून न्यायची. २०१९ ला पाणी ओसरल्यावर शाहूपुरीत लोकांनी "बघू तरी सुरू होतीय का" म्हणून किल्ल्या मारल्या. पाण्यानं सोडलेली इंजिनं त्या एका 'बघू तरी'नं गेली.

विमा झाला की आधार. हे आरटीओच्या यादीत लिहिलेलं नसतं, पण आता बरीचशी कामं परिवहनच्या संकेतस्थळावर आधारची ओळख पटवून घरबसल्या होतात आणि तिथं पत्ता आधारवरूनच उचलला जातो. आधारवर बेंगळुरू असेल तर पुढचं प्रत्येक काम अडखळेल. आधी तो पत्ता रमणमळ्याचा करून घ्या.

मग आरसीवरून बँकेचं नाव काढा. कर्ज फिटलं की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि बँकेचं पत्र फायलीत लावून मोकळे होतात. आरटीओच्या लेखी बँकेचा बोजा तसाच राहतो. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन बेंगळुरूच्या आरटीओत बोजा उतरवायचा, कारण गाडी अजून त्यांच्या खात्यावर आहे. पत्र जुनं असेल तर बँकेकडून ताज्या तारखेचं मागून घ्या. तो उतरला की मग एनओसीचा अर्ज, फॉर्म २८. त्याआधी बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांची थकलेली चलनं भरून टाका. नऊ वर्षं तिथल्या सिग्नलांवर काढलीत म्हणजे दोन-चार असणारच. अर्जाबरोबर आरसी, चालू विमा, पीयूसी, कराची पावती, चेसिस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा आणि गाडी चोरीची नसल्याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल लागतो. अहवाल ऑनलाइन निघतो. ठसा उद्यमनगरात कुणीही काढून देईल, तुमचा फिटरच काढेल. त्यासाठी सहाशे किलोमीटर गाडी पळवत नेऊ नका. अर्ज ऑनलाइन भरून कागद पाठवता येतात का ते आधी विचारा आणि फारच अडलं तर रात्रीच्या बसनं तुम्ही जाऊन या. अर्ज दिल्यावर ३० दिवसांत एनओसी देणं किंवा कारण देऊन नाकारणं त्यांना बंधनकारक आहे. त्या मुदतीत काहीच कळवलं नाही तर एनओसी मिळाली असं कायदा धरतो. तरी हातात कागद असलेला बरा, म्हणून अर्जाची पोच जपा.

एनओसी आली की ताराबाई पार्कातलं आपलं आरटीओ. फॉर्म २७, इथल्या पत्त्याचा पुरावा, गाडीची तपासणी आणि कर. दुखतं ते इथं. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी कर नवी असताना १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. तुमची हॅचबॅक सात लाखांची धरली तर नवी असती तेव्हा ७७ हजार झाले असते. दुसऱ्या राज्यातून आलेल्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, म्हणून तुम्हाला बराच कमी बसेल. नेमका आकडा आरटीओत गाडीची मूळ पावती दाखवून काढून घ्या.

"पण मी तिकडं लाइफ टॅक्स भरलाय की!" भरलाय. आणि इथल्यापेक्षा जास्त भरलाय. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के होता, म्हणजे सात लाखांवर ९८ हजार आणि वर उपकर. त्यातला न वापरलेल्या वर्षांचा वाटा परत मिळतो. फक्त उलट्या क्रमानं. आधी इथं भरायचं, एमएच ०९ ची आरसी हातात घ्यायची आणि ती दाखवून बेंगळुरूच्या आरटीओकडं परताव्याचा अर्ज करायचा. ज्यांनी गाडी हलवली त्यांतले निम्मे लोक हा दुसरा अर्ज करतच नाहीत, असा माझा अंदाज आहे. नंबर पडला, पेढे वाटले, विषय संपला. तुम्ही असं करू नका. हजारांतली रक्कम आहे. कराच्या जुन्या पावतीची आणि एनओसीची प्रत त्यासाठी आत्ताच वेगळी काढून ठेवा, मूळ कागद एकदा फायलीत गेले की परत दिसत नाहीत.

एजंटबद्दल माझी सरसकट तक्रार नाही. दिवसभर लेथवर उभं राहणाऱ्या माणसाला खिडकीच्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो. पण 'ठोक' हा शब्द ऐकला की खिसा धरा. त्याला कागदावर तीन रकाने करून द्यायला सांगा: कर किती, सरकारी फी किती, तुझी मजुरी किती. कर आरटीओच्या पावतीशी ताडता येतो. फी तर छापलेली असते, मोटारीला नवा नंबर देण्याची ६०० रुपये, लायसनवरचा पत्ता बदलण्याची २०० रुपये, कार्डाचे आणि टपालाचे वेगळे. उरेल ती त्याची मजुरी. ती पटली तर खुशाल द्या. आणि परताव्याचं काम त्याच्या 'ठोक'मध्ये आहे का हे विचारायला विसरू नका, सहसा नसतं.

बीएच नंबरचं तुमच्या मित्राला सांगा, ते तुमच्यासाठी नाही. १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली ही मालिका सैन्यदलातल्या, सरकारी आणि सरकारी कंपन्यांतल्या नोकरदारांसाठी आणि ज्या खासगी कंपन्यांची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत आहेत त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. जुन्या नंबराच्या गाडीलाही ती आता घेता येते. पण उद्यमनगरातल्या मालकाला नाही.

लायसनचं काम यात सगळ्यात हलकं, म्हणून शेवटी. कर्नाटकातलं लायसन महाराष्ट्रात पूर्ण चालतं, ते देशभर चालण्यासाठीच दिलेलं असतं. परत चाचणी नाही, शिकाऊ लायसन नाही. आधार कोल्हापूरचा झाल्यावर सारथीच्या पोर्टलवर पत्ता बदलण्याचा अर्ज टाका. पत्त्यापेक्षा त्यावरची मुदतीची तारीख मात्र आत्ताच बघून ठेवा. मुदत संपलेल्या लायसनवर गाडी चालवताना धडक झाली तर मघाशी म्हटलेले हात खरोखरच वर जातात. गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही चालू लायसनवरच टेकलेला असतो. वहिनी ही गाडी चालवत असतील तर त्यांचंही लायसन बघा. नूतनीकरण मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतं. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचा फॉर्म १ए जोडावा लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. त्यांच्या लायसनवर माहेरचं नाव असेल आणि आधारवर सासरचं, तर ऑनलाइन अर्ज तिथंच अडेल. दोन्हींवर एकच नाव करून घ्या. कुठलं, ते त्यांचं त्या ठरवतील.

नवा नंबर पडल्यावर दोन किरकोळ कामं उरतात. नव्या नंबराची उच्च सुरक्षा पाटी अधिकृत केंद्रावरूनच बसवून घ्यायची, चौकातल्या रेडियमवाल्याकडून नाही. आणि फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिला नवी आरसी पाठवून त्यावरचा नंबर बदलून घ्यायचा. हे विसरलात तर किणी टोलनाक्यावर मागं गाड्यांची रांग, पुढं बंद दांडा आणि शेजारच्या सीटवर बाबा. ते काय म्हणतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.